कोर्स नोंदणी: पोर्टल नाही, फॉर्म नाही, कागदसुद्धा नाही. मग लिहू काय?

सुरंगी
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत एमसीए करतेय, पहिलं वर्ष. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची असाइनमेंट मिळालीय आणि दोन दिवस डोक्याचा भुगा झालाय. प्रश्न एका ओळीचा: विद्यापीठातली कोर्स नोंदणी कशी होते ते टेक्नॉलॉजीचं नाव न घेता लिहा.

मी झकास दीड पान लिहून नेलं, विद्यार्थी पोर्टलवर लॉगिन करतो, ड्रॉपडाउनमधून विषय निवडतो, सबमिट दाबतो, पावती डाउनलोड होते वगैरे. सरांनी लाल पेनाने लॉगिन, ड्रॉपडाउन, सबमिट सगळ्याला गोल केले. म्हटलं बरं, कॉम्प्युटर नकोय तर बाबांच्या काळचं लिहू. विद्यार्थी खिडकीसमोर रांगेत उभा राहतो, फॉर्म घेतो, भरतो, क्लार्क शिक्का मारून देतो. परत लाल गोल! खिडकी, रांग, फॉर्म, शिक्का. आणि खाली एकच शब्द, "का?"

आता फॉर्म आणि शिक्का पण टेक्नॉलॉजीत धरायचे तर उरलं काय? शनिवारी द्यायचंय. कोणी या भानगडीतून गेलं असेल तर सांगा प्लीज.

चाकरमानी_डोंबिवली
शिलालेख कोर.

निवळी_फाटा
छिन्नी पण टेक्नॉलॉजीच. लाल गोल.

वेंगुर्ल्याचो
अगो बाय, सर बरोबर सांगतत. कागद काय आभाळातना पडलो?

खाडीकाठ
सुरंगी, सर चांगले मिळालेत तुला, खरंच सांगतो. मी अठरा वर्षं हेच काम करतोय, सध्या गुहागरला घरी बसून. आम्हाला हे कोणी शिकवलंच नाही, चुका करून करून कळलं.

१९८४ च्या सुमारास दोघा अमेरिकन सिस्टिम ॲनालिस्टांनी एक युक्ती मांडली होती. समजा तुमच्याकडे परिपूर्ण यंत्र आहे. हवं तेवढं लक्षात ठेवतं, काम क्षणात करतं, चुकत नाही, बंद पडत नाही, फुकट चालतं. असं असतानाही जे करावंच लागेल ते मूळ काम. बाकीचं सगळं आपलं यंत्र अर्धवट आहे म्हणून करावं लागतं. रांग का, तर क्लार्क एक आणि पोरं शंभर. फॉर्म का, तर क्लार्कच्या लक्षात राहत नाही. शिक्का का, तर उद्या कोणीतरी नाही म्हणेल. तुझ्या सरांचा "का?" हाच आहे.

युज केस, म्हणजे वापरणारा एखादं काम कसं पार पाडतो त्याचं पायरीपायरीने केलेलं वर्णन, ही कल्पना स्वीडनच्या इव्हार जेकबसनची, एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजच्या कामातून आलेली. पण लोक युज केसच्या नावाखाली बटणांची वर्णनं लिहायला लागले. मग नव्वदच्या दशकात दोन रकान्यांची पद्धत निघाली, डावीकडे माणसाला काय हवंय, उजवीकडे समोरच्यावर काय जबाबदारी आहे. त्यातलं एटीएमचं उदाहरण प्रसिद्ध आहे. कार्ड घाल, पिन टाक, रक्कम टाक, कन्फर्म कर असं डझनभर पायऱ्यांचं लचांड. मूळ काय, तर मी कोण ते सांगतो, तो खात्री करतो. मी किती हवेत ते सांगतो, तो पैसे देतो. मी घेतो. संपलं. कार्ड गेलं, उद्या अंगठा आला, परवा अजून काही येईल, हे वर्णन बदलायचं नाही.

निवळी_फाटा
हे वाचायला छान वाटतं हो, पण शेवटी बनवायचंय कॉम्प्युटरवरच ना? मग आधी सगळं काढा आणि परत घाला, हा द्राविडी प्राणायाम कशाला. मास्तर लोकांना काहीतरी काम हवं असतं.

खाडीकाठ
काढलं नाही तर काय होतं ते सांगतो. एका संस्थेचं काम होतं, नाव नको. पावतीच्या तीन प्रती हव्यात, पांढरी गुलाबी पिवळी. आम्ही रंगीत कागदाचे तीन ट्रे असलेला प्रिंटर शोधून दिला, त्याचे ट्रे जुळवण्यात दोन आठवडे गेले. वर्षभराने सहज विचारलं की पिवळी प्रत कोणाला जाते? तर कपाटात. का? पूर्वी कार्बन घालून पावती पुस्तक असायचं, त्यात पिवळी प्रत पुस्तकातच राहायची म्हणून! कोणी कधी वाचली नव्हती. आम्ही कार्बन पेपरचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं.

निवळी_फाटा
🙂 हे मान्य. एवढ्यापुरतं.

माजी_हेडक्लार्क
सुरंगीबाय, मी खिडकीच्या आतल्या बाजूचा माणूस. किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात १९८६ पासून निवृत्तीपर्यंत होतो, तेव्हा तुझ्या दुसऱ्या मसुद्यातला शिक्का मारणारा क्लार्क मीच समज.

आमच्याकडे टीवायचे विषय आणि प्रॅक्टिकलच्या बॅचेस यांची नोंद एका लांबड्या रजिस्टरात असे. झूऑलॉजीच्या लॅबमध्ये २० टेबलं, म्हणून मी पानावर २० रेघा आखायचो, एकविसावी रेघच नाही. मुलगा आला की नाव पेन्सिलीने. फी भरल्याची पावती दाखवली की तेच नाव शाईने गिरवायचं. खोडरबर माझ्या टेबलाच्या खणात, कुलपात. लोक हसत, पण त्या खोडरबरात खरी सत्ता होती.

एक प्रसंग अजून डोक्यातून जात नाही. विसाव्या रेघेवर खाडीपलीकडच्या एका मुलाचं नाव पेन्सिलीने होतं. फी भरायची मुदत दुपारी तीन. त्या दिवशी वारा सुटला आणि तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, बंद झाली. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला, पैसे रुमालात बांधलेले, रुमाल ओला. तोवर मी तीनचे ठोके झाल्यावर नाव खोडून दुसरं लिहिलं होतं, शाईने. नियमाने माझं चुकलं नव्हतं. पण कोणाचा नियम? मुदत तीनची का, तर आमचा कॅशियर साडेतीनला बँकेत भरणा करायला जायचा म्हणून. एवढंच कारण. तुझ्या सरांनी तेव्हा "का?" विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं.

त्या मुलाने बॉटनी घेतलं.

सुरंगी
काका, हे वाचून अंगावर काटा आला. आणि थोडं कळायला पण लागलं. म्हणजे पेन्सिल आणि शाई या वस्तू काढल्या तरी मागे दोन अवस्था उरतात, जागा राखून ठेवली आणि जागा दिली. बरोबर?

खाडीकाठ
शंभर टक्के. आणि जागा नेमकी कोणत्या क्षणी तुझी होते हे ज्याने लिहिलं त्याने निम्मी असाइनमेंट लिहिली.

देवगड_पेटी
मी एसवायला आहे त्यामुळे हे सगळं ताजं ताजं भोगलंय. नवीन धोरणात मेजर मायनर ओपन इलेक्टिव्ह व्हीएससी एसईसी एईसी असे विषयांचे सतरा डबे आहेत, सेमिस्टरला सगळे मिळून २२ क्रेडिट जमवायचे, आणि ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या फॅकल्टीचं घ्यायचं. म्हणजे मी सायन्सचा, मला कॉमर्सचं किंवा आर्ट्सचं. नियम छान आहे, माझं म्हणणं नाही काही.

पण आमच्या वाडीत रेंज नाही. फोन घेऊन सड्यावर जावं लागतं, तिथे एका कातळावर दोन काड्या येतात, त्या कातळाला आम्ही सायबर कॅफे म्हणतो. सेम ३ ची लिंक जुलैत १० वाजता सुरू झाली, वर पाऊस धो धो, छत्री मानेत धरून अंगठ्याने टाइप करतोय, स्क्रीनवर पाण्याचे थेंब पडले की आपोआप भलतंच सिलेक्ट होतंय. १० वाजून २० मिनिटांनी पेज उघडलं तर हवं ते इलेक्टिव्ह फुल्ल. माझा मित्र मालवणात लॉजच्या वायफायवर बसून १० वाजून २ मिनिटांनी मोकळा, आणि त्याला तो विषय नकोच होता, सहज घेतला म्हणतो.

आता मला सांगा, यात माझी लायकी मोजली की माझ्या कातळाची?

खाडीकाठ
हाच मुद्दा! सुरंगी, लिहून घे. "आधी येईल त्याला आधी" हा नियम नाहीच, तो रांगेचा उरलेला अवशेष आहे. परिपूर्ण यंत्र असेल तर सगळे एकाच क्षणी आले. मग कोणाला द्यायचं? मार्कांवर, चिठ्ठ्या टाकून, शेवटच्या वर्षाच्या मुलांना आधी, काहीतरी ठरवावं लागेल. ठरवायचं टाळायचं असतं म्हणून रांग लावतात.

निवळी_फाटा
इथे मी अडणार. आधी येईल त्याला आधी हा चोख नियम आहे आणि लोकांना पटलेला आहे. गणपतीच्या गाडीचं रिझर्व्हेशन घ्या. ६० दिवस आधी सकाळी ८ ला सुरू, ज्याला मिळालं त्याला मिळालं. मार्कांवर तिकीट दिलं तर चालेल का तुम्हाला?

चाकरमानी_डोंबिवली
"ज्याला मिळालं त्याला मिळालं" हे वाक्य कृपया जपून वापरा. पूर्वी १२० दिवस होते, नोव्हेंबर २०२४ पासून ६० झाले, दोन्ही वेळा आठ वाजता माझं पेज फिरत बसलं आणि ८ वाजून ३ मिनिटांनी वेटिंग. मला हा नियम पटलेला वगैरे नाही, मी फक्त थकलोय.

निवळी_फाटा
पण वेटिंग तरी मिळालं ना? आणि आरएसी? आरएसी ही तर भारी अवस्था आहे, गाडीत चढायचा हक्क पक्का, बर्थ अर्धा. कोर्सला आरएसी असतं तर देवगडवाल्याला वर्गात बसता आलं असतं, बाक अर्धा.

देवगड_पेटी
आमच्या वर्गात तसाही बाक अर्धाच मिळतो.

चाकरमानी_डोंबिवली
यंदा कोणाकडे दादर सावंतवाडीचं एक जादा तिकीट

उकडीचे_मोदक
चाकरमानी, नावावरचं तिकीट दुसऱ्याला चालत नाही आणि हा धागा त्यासाठी नाहीये.

मला एक वेगळंच आठवलं. आमच्या गावात शिमग्याला पालखी घरोघर जाते. वाडीचा दिवस ठरलेला, दिवसाला होतील तेवढीच घरं. आता मुंबईच्या मंडळींना वाटतं पालखी आपल्याकडे शनिवार रविवारीच यावी. म्हणजे मागणी जास्त, जागा कमी, वेळा एकमेकांवर येणार. तरी पिढ्यान्पिढ्या भांडण न होता (बरं, थोडं होऊन) हे चालतं, आणि कागद कुठेच नाही. कारण क्रम ठरलेला आहे, बदल करायचा तर गावकऱ्यांच्या बैठकीत सगळ्यांसमोर विचारायचं, आणि एखाद्या घरात सुतक असेल तर त्यांचा क्रम वगळून पालखी पुढे जाते.

सुरंगी, तुझं प्रीरिक्विझिट म्हणजे आमचं सुतक बघ. अट पुरी नसेल तर पालखी दारावरून पुढे.

वेंगुर्ल्याचो
ह्या माका समाजला. बाकी रकाने बिकाने काय समाजले नाय.

निवळी_फाटा
मोदक काकू, उदाहरण फर्मास. पण तिथे सगळं गावकऱ्यांच्या डोक्यात असतं, म्हणजे डोकं हेच रजिस्टर. डोक्याला लाल गोल.

उकडीचे_मोदक
डोकं बदललं तरी क्रम तोच राहतो ना, म्हणून म्हटलं. मागच्या वर्षी जुने गावकर गेले, मुलगा उभा राहिला, पालखी त्याच क्रमाने फिरली.

वाशिष्ठी_काठ
याच धर्तीवर माझाही अनुभव. चिपळूणची मी. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या ऑफिसात पाणी शिरलं (शैक्षणिक संस्थाच, नाव राहू दे). कपाटं आडवी झाली, पाणी ओसरल्यावर रजिस्टरं म्हणजे चिखलाच्या विटा, पानं सुटेनात. कॉम्प्युटर खालच्याच मजल्यावर, त्याचीही तीच गत.

आठवडाभर चिखल उपसल्यावर प्रश्न आला की कोणी कोणता विषय घेतलाय. आम्ही दोघीजणी कोऱ्या कागदावर लिहायला बसलो आणि एकेका मुलाला फोन. किती प्रश्न विचारले माहितेय? तीन. तू कोण, काय घेतलं होतंस, पैसे भरलेस का. शंका आली तर शिकवणाऱ्या सरांना विचारायचं, हा पोरगा तुमच्या यादीत होता का. झालं. फॉर्मवर आधी चाळीसेक रकाने होते, वडिलांचं उत्पन्न, आईचं शिक्षण, रक्तगट. त्यातलं काही म्हणता काही परत विचारायची गरज पडली नाही.

म्हणजे सुरंगी, पूर येऊन सगळं गेलं तर जे परत विचारावं लागेल तेवढंच खरं. परिपूर्ण यंत्र वगैरे मला ठाऊक नाही.

खाडीकाठ
परिपूर्ण यंत्रापेक्षा हे भारी आहे. मी वापरणार.

माजी_हेडक्लार्क
वाशिष्ठी_काठ, रक्तगटाच्या रकान्यावर मी वीस वर्षं मुलांना ओरडलो आहे. क्षमस्व.

घाटावरची
नेहमी फक्त वाचते, आज लिहिते. मी हा विषय शिकवते, कोल्हापूरकडे. कोर्स नोंदणी हे आमच्या क्षेत्रातलं फार जुनं पाठ्यउदाहरण आहे. त्यात विद्यार्थी चार कोर्स निवडतो आणि वर दोन पर्यायी देतो. एका वर्गात जास्तीत जास्त १० जण, आणि ३ पेक्षा कमी नावं आली तर तो वर्ग रद्द. नोंदणी बंद झाली की फीच्या हिशोबाला कळवायचं, काही दिवस बदल करायची मुभा द्यायची.

सगळे जागा मिळवण्यावर बोलताहात, कोर्सच रद्द झाला तर काय हे कोणी बोललं नाही. पर्यायी विषय आधीच विचारून ठेवणं त्यासाठीच असतं. आमच्याकडे एकदा पाली भाषेच्या विषयाला दोनच मुलं आली. वर्ग बंद. त्या दोघांना दुसरी पसंती कोणी विचारलीच नव्हती, ऑफिसने त्यांना जिथे जागा होती तिथे ढकललं. एक मुलगा सेमिस्टरभर पर्यटन व्यवस्थापनात बसला होता, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही आपण इथे कसे आलो.

देवगड_पेटी
मॅडम, तो मुलगा मी असू शकतो, फक्त माझं पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट होतं.

निवळी_फाटा
झालं का डेव्हलप?

देवगड_पेटी
रेंज आली की सांगतो.

सुरंगी
मंडळी, रात्री बसून परत लिहिलं. इथे टाकते, बिनधास्त फाडा.

"विद्यापीठ या सत्रात काय शिकवणार, कोण शिकवणार, कधी, किती जणांना, आणि कोणत्या अटीवर, हे जाहीर करतं. विद्यार्थी आपण कोण ते सांगतो, विद्यापीठ खात्री करून घेतं. विद्यार्थी हवे ते विषय पसंतीच्या क्रमाने सांगतो, न मिळाल्यास काय चालेल तेही सांगतो. विद्यापीठ प्रत्येक विषयासाठी बघतं की आधीच्या अटी पुऱ्या आहेत का, दोन विषयांच्या वेळा एकमेकांवर येत नाहीत ना, आणि जागा आहे का. जागा असेल तर ती राखली जाते. जागा कमी असतील तर ठरलेल्या नियमाने वाटल्या जातात, उरलेले प्रतीक्षेत. पुरेसे विद्यार्थी नसतील तर विषय रद्द होतो आणि त्यातल्यांना त्यांची पुढची पसंती मिळते. विद्यार्थी आपली देणी पूर्ण करतो तेव्हा राखलेली जागा त्याची होते. मुदतीपर्यंत त्याला बदल करता येतो. मुदत संपली की शिकवणाऱ्याला आपल्या वर्गात कोण आहे ते कळतं, आणि विद्यार्थ्याला आपण कुठे आहोत ते कळतं."

शेवटचं वाक्य पर्यटनवाल्या मुलासाठी.

खाडीकाठ
बटण नाही, कागद नाही. एकच, मुदत किती ते लिहू नकोस पण मुदत कशावरून ठरते ते लिही. शिकवणाऱ्याला तयारीला वेळ हवा म्हणून, कॅशियर बँकेत जातो म्हणून नाही.

माजी_हेडक्लार्क
आणि कोणाची काही अडचण असेल तर निर्णय कोण घेणार ते एक वाक्य घाल. क्लार्कवर सोडू नकोस गो. क्लार्क घड्याळाकडे बघतो.

घाटावरची
"ठरलेल्या नियमाने" म्हणजे कोणत्या? तिथे सर थांबणार बघ.

सुरंगी
थांबलेच! आज दाखवलं. पूर्ण पानावर एकच लाल गोल, "ठरलेल्या नियमाने" भोवती, पुढे "कोणत्या?" म्हटलं सर तुम्हीच सांगा. म्हणाले मी कोण सांगणारा, जाऊन विचार. म्हणून जिथे प्रवेशाचं काम चालतं तिथे गेले. जागा ५० आणि इच्छुक ८० असतील तर कोणाला द्यायची, हे कसं ठरतं? मॅडम आधी बघतच राहिल्या. मग शेजारच्या टेबलावर विचारलं, त्यांनी आतल्या केबिनमध्ये विचारलं. परत येऊन म्हणाल्या, ते सिस्टिम ठरवते.

वेंगुर्ल्याचो
मगे सिस्टिमीक लाल गोल मार.

देवगड_पेटी
चांगली चर्चा. उद्या १० ला सेम ४ ची लिंक सुरू होतेय. पाऊस नाही एवढंच सुख. ९ लाच सड्यावर जाऊन बसतोय, कातळावर आधीच दोघांनी नंबर लावलाय म्हणे.